आफ्रिकेंतील मिशनांच्या विहिरी व त्यांची निगा

विहीर खणणें हें पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे. बारवा, तळीं व पाणपोया बांधणाऱ्या धर्मशील स्त्रीपुरुषांचीं नांवें गांवोगांव अद्याप आदरानें घेतलीं जातात. ख्रिस्ती धर्मांतही तहानलेल्यास पाणी देणें ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा मानिली आहे. ह्या भावनेनें युरोप-अमेरिकेंतील, व आतां खुद्द आफ्रिकेंतीलही, ख्रिस्ती मंडळ्यांनीं त्या खंडांतील गरीब खेड्यांस स्वच्छ पाणी पुरविण्याचें मोठें काम चालविलें आहे. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस दोन कारणांनीं वाटलें. एक तर त्या कामांत जो हापसा सर्वत्र दिसतो, त्याचें मूळ आपल्या जालना-सोलापुराकडे आहे. दुसरें असें कीं, तें काम कोठें टिकलें, कोठें फसलें, व कां फसलें, हें कोरडवाहू मुलखांतील प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. उन्हाळा लागला कीं टंचाईचीं पत्रकें तयार करण्याचें काम आमच्याकडे येई. एका गांवाच्या नांवापुढें "हापसा, एक" अशी नोंद आम्हीं लागोपाठ दोन वर्षें मागील पत्रकावरून उतरून पुढें पाठविली. तिसऱ्या वर्षीं त्या गांवीं जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां कळलें कीं हापसा दोन वर्षें बंद आहे. आंतील चामड्याचा वायसर झिजला होता, एवढेंच. तेवढ्याकरितां गांवच्या बायका ओढ्यांतील झिऱ्यावर तास तास बसून वाटीवाटीनें हंडे भरीत होत्या. कागदावर पाणी होतें, हंड्यांत नव्हतें. आणि तो कागद आमच्या हातचा होता. पुढें आफ्रिकेंतील विहिरींविषयीं वाचूं लागलों, तेव्हां तीच गोष्ट तेथें हजारों गांवीं घडलेली आढळली. म्हणून हा लेख.

लिव्हिंगस्टनचा पाट

ह्या कामाचा आरंभ यंत्रानें नव्हे, पाटानें झाला. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटलंडचा वैद्य लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें हल्लींच्या बोट्स्वाना देशांत बाक्वेना लोकांमध्यें राहत असे. त्या लोकांचा राजा सेचेले. त्यांच्या चोनुआने ह्या गांवीं पावसाचा भरंवसा नव्हता. तेव्हां न आटणारी नदी पाहून तिच्या कांठीं वस्ती करावी व पाट काढून बागा भिजवाव्या, असें लिव्हिंगस्टननें राजास सुचविलें. राजास तें पटलें, आणि सन १८४७ सालीं सारी वस्ती सुमारें ४० मैल दूर कोलोबेंग नदीच्या कांठीं गेली. धरण व पाट लोकांनीं स्वतःच्या अंगमेहनतीनें केले. मोबदला म्हणून लिव्हिंगस्टननें राजाचें घर बांधण्यास हात लाविला.

पहिल्या वर्षीं हा उपाय उत्तम लागू पडला. परंतु दुसऱ्या वर्षापासून पावसानें लागोपाठ दगा दिला, आणि न आटणारी म्हणून निवडलेली नदीच आटली. तिच्यांतील मासे तडफडून मेले. सेचेले हा पूर्वीं स्वतः पाऊस पाडण्याचे विधि करीत असे. सन १८४८ मध्यें बाप्तिस्मा घेतल्यावर त्यानें ते सोडून दिले होते. साहजिकच लोक म्हणूं लागले कीं, ह्या परक्यानें राजावर कांहीं करणी केली व म्हणूनच पाऊस गेला. पाऊस पाडणाऱ्यांशीं झालेला आपला वादविवाद लिव्हिंगस्टननें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविला आहे, आणि त्यांत प्रतिपक्षाचें म्हणणेंही प्रामाणिकपणें दिलें आहे. पुढें कांहीं वर्षांतच तें ठाणें ओस पडलें.

ह्या प्रसंगावरून दोन गोष्टी दिसतात. लोकांनीं आपल्या हातांनीं केलेलें काम त्यांना आपलें वाटतें, ही पहिली. आणि भुईवरील पाणी अखेर पावसाचेंच मिंधें असतें, ही दुसरी. वर्षानुवर्षें पुरेल व स्वच्छही राहील असें पाणी हवें असेल, तर तें बहुधा भुईखालून काढावें लागतें. मिशनांस ही दुसरी गोष्ट पुढें चांगली कळली. पहिलीचा मात्र पुष्कळदां विसर पडला.

डबक्यांतील नारू

पाणी नुसतें असून भागत नाहीं, तें निर्दोषही असावें लागतें. आपल्याकडील वृद्ध मंडळींस नारू ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरींत किंवा उथळ तळ्यांत नारूचा रोगी उतरला, कीं त्याच्या फोडांतून किड्याचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत जातात. तेथें एक बारीक जलचर तीं गिळतो. तें पाणी जो पिईल त्याच्या पोटांत तीं शिरतात, आणि सुमारें वर्षानें दोन-तीन फूट लांबीचा दोऱ्यासारखा किडा पायाच्या कातडींतून बाहेर निघूं लागतो. तो काडीला गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढावा लागतो. रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडतो. पेरणी-कापणीच्या दिवसांत घरांतील दोन माणसें अशीं पडलीं तर त्या वर्षाचें शेत गेलेंच.

आपल्या देशांत नारूचा शेवटचा रोगी सन १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला व सन २००० मध्यें देश नारूमुक्त ठरला. पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत मात्र सन १९८९ सालीं एका वर्षांत सुमारें १ लक्ष ८० हजार रोगी मोजले गेले. तेथें सरकारनें व अनेक संस्थांनीं नेट धरला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, जे रविवारीं आपल्या चर्चमध्यें धर्मपाठ शिकवीत असत, त्यांच्या संस्थेनें पाणी गाळण्याचीं फडकीं व शिक्षण गांवोगांव पोंचविलें. सन १९५० मध्यें अमेरिकेंत स्थापन झालेल्या वर्ल्ड व्हिजन ह्या ख्रिस्ती संस्थेनें १९८० नंतरच्या दशकापासून घानांत खोल विंधनविहिरी पाडून त्यांवर हापसे बसविण्याचें काम हातीं घेतलें. घानांतील शेवटचा नारू सन २०१० मध्यें निघाला, व सन २०१५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तो देश नारूमुक्त ठरविला. हें यश एकट्या विहिरींचें नव्हे; परंतु बंद तोंडाच्या विहिरीशिवाय तें अवघड झालें असतें. ज्या पाण्यांत कोणाचा पाय पडूं शकत नाहीं, त्यांत नारू कोठून येणार?

जालन्याचा हापसा

आतां ह्या विहिरींवरील यंत्राकडे वळूं. १९६० नंतरच्या दशकांत आपल्या कठीण काळ्या खडकांत यंत्रानें विंधनविहिरी पाडण्यास आरंभ झाला. त्यांवर बसविलेले पंप बिडाचे असत. त्यांचे नमुने परदेशांतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठीं केलेल्या पंपांवरून घेतलेले होते. आपल्याकडे त्याच पंपावर सकाळपासून रात्रीपर्यंत सारें गांव लोटे. मग सांधे झिजत, दांडे मोडत. सन १९७४ च्या सुमारास युनिसेफनें महाराष्ट्र व तामिळनाडूंत चौकशी केली, तेव्हां सुमारें तीन चतुर्थांश पंप बंद आढळले.

ह्यावर पहिला उपाय निघाला तो मराठी मुलखांत. जालना येथील स्कॉटिश मिशनच्या लोकांनीं बिडाऐवजीं पोलादाचा, एका आंसावर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पंप तयार केला. सोलापुरास त्यांत आणखी सुधारणा झाली, आणि दांड्यास सांखळी जोडून आंतील सळई सरळ वरखालीं होईल अशी योजना झाली. ह्याच सोलापुरी नमुन्यावरून पुढें भारत सरकार, युनिसेफ व मद्रास येथील तज्ज्ञ ह्यांनीं १९७५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत "इंडिया मार्क दोन" हा हापसा सिद्ध केला. कोइमतूरकडे त्याची कसून परीक्षा झाली. त्याचा नमुना कोणाच्या मक्त्याचा ठेविला नाहीं. म्हणून पुष्कळ कारखान्यांनीं तो काढला, व तो आफ्रिकेंतील अनेक देशांत गेला. युगांडांत त्यालाच "यू दोन" म्हणतात. जालन्याच्या मिशनमध्यें ज्या कल्पनेचा उगम झाला, ती अशी फिरून आफ्रिकेंतील मिशनांच्या विहिरींवर जाऊन बसली.

ह्या हापशाची रचना थोडक्यांत अशी. भुईखालीं लोखंडी नळांच्या तळाशीं पितळेचें अस्तर असलेली एक नळकांडी असते. तींत दट्ट्या वरखालीं होतो. दट्ट्यावरील वाटीच्या आकाराचे वायसर नळकांडीच्या अंगास घट्ट बसतात व पाणी वर उचलतात. तळची झडप पाणी परत जाऊं देत नाहीं. सुमारें १५० फूट खोलीपर्यंत हा हापसा काम देतो. वर विहिरीचें तोंड सिमेंटाच्या ओट्यानें बंद केलेलें असतें व सांडपाणी चरीनें दूर काढलेलें असतें. हा ओटा फुटला किंवा चर तुंबली, तर घाण पाणी नळाच्या बाजूनें खालीं मुरतें, आणि मग हापसा चालू असूनही पाणी निर्दोष राहत नाहीं. सबब ओटा हाही यंत्राचाच एक भाग समजावा.

हापसे बंद कां पडतात

येथपर्यंतची हकीकत संतोषाची आहे. आतां दुसरी बाजू. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें सन २००९ मध्यें सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सुमारें २० देशांचे आंकडे एकत्र केले. तेव्हां शेंकडा ३६ हापसे बंद आढळले. त्यानंतरच्या अंदाजांतही दर चारांपैकीं एक बंदच निघाला. ह्यांत सरकारी होते, मिशनांचे होते, इतर संस्थांचेही होते. देणाऱ्याच्या श्रद्धेवरून लोखंड कमीजास्त झिजत नाहीं.

कारणें पाहूं गेल्यास कांहीं यंत्राचीं आहेत. मार्क दोनचा वायसर बदलावयाचा तर सारे जड लोखंडी नळ वर काढावे लागतात. त्यास माणसें व खास हत्यारें लागतात. पश्चिम आफ्रिकेंत पुष्कळ ठिकाणीं भुईंतील पाणी आम्लधर्मी असल्यामुळें नळ गंजतात. मग पाणी तांबडें येतें, अन्नास व कपड्यांस डाग पडतात, आणि बायका हापसा सोडून पुन्हां डबक्याकडे वळतात. ह्यावर उपाय म्हणून नळ न काढतां दट्ट्या वर घेतां येईल असा "मार्क तीन" निघाला. मलावी व केनिया ह्या देशांत प्लास्टिकच्या नळांचा व एका पान्यानें खुलणारा "आफ्रिडेव्ह" हापसा सिद्ध झाला, तोही गांवकऱ्यांनीं स्वतः दुरुस्त करावा ह्याच हेतूनें.

परंतु खरीं कारणें माणसांचीं आहेत. दूरच्या देशांतील मंडळी नव्या विहिरीसाठीं उदार हातानें देणगी देते. विहिरीवर पाटी लागते, छायाचित्र निघतें. पांच वर्षांनंतरच्या वायसराकरितां देणगी कोण देणार? शिवाय गांवकऱ्यांची समजूत अशी कीं, ज्यांनीं दिली त्यांची विहीर. मोडली तर तेच येतील. संस्थेचें काम संपून तिचीं माणसें गेलीं म्हणजे दुरुस्ती तशीच राहते. सुटे भाग जिल्ह्याच्या बाजारांत मिळत नाहींत. आणि वर्गणी जमलीच तर ती कोणाकडे आहे व किती आहे, हें कोणास ठाऊक नसल्यामुळें दुसऱ्या वर्षीं कोणी देत नाहीं.

घानांतील अफ्राम मैदानाची मोजणी

हें केवळ आमचें अनुमान नव्हे. घानांतील अफ्राम मैदानाच्या टापूंत ५७० वस्त्यांमधील १,५०९ पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करून अमेरिकेंतील विद्वानांनीं सन २०१५ मध्यें तिचें फळ प्रसिद्ध केलें. शेंकडा ७९ हून थोडीं अधिक ठिकाणें चालू होतीं. चालू कोणतीं व बंद कोणतीं, ह्याचा छडा लावतां असें दिसलें कीं, पंपाची जात, विहीर किती जुनी आहे, ती कोणीं बांधली, ह्यांबरोबरच गांवांत व्यवस्था पाहणारी मंडळी आहे काय, पाण्याची पट्टी गोळा होते काय, आणि दुरुस्तीचीं हत्यारें हाताशीं आहेत काय, ह्यांवर फार कांहीं अवलंबून असतें. त्यांच्या गणिताप्रमाणें, विहीर चालू असण्याचा संभव एरवीं शेंकडा ७२ असेल, तर उत्तम व्यवस्था व हत्यारें असल्यास तो शेंकडा ९७ हून वर जातो. नवें लोखंड न ओततां, केवळ व्यवस्थेनें व पान्यानें एवढा फरक!

म्हणून आतां समजूतदार संस्था विहीर खणण्याआधीं गांवाची पाणी समिती करवितात. तींत बायका घेतात, कारण हापसा बिघडल्याची झळ प्रथम त्यांस लागते. पुष्कळ ठिकाणीं पैशाची पेटीही बाईच्याच हातीं असते. गांवांतील दोघां-तिघांस दुरुस्ती शिकवितात. शेतकऱ्याच्या हातीं पैसा दरमहा येत नाहीं, सुगीनंतरच येतो. म्हणून कित्येक गांवीं पट्टी सुगीवर एकदांच घेतात, कोठें ती धान्याच्या रूपानेंही घेतात. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस ही गोष्ट विशेष पटली. वसुलीचा हप्ता पिकाच्या वेळेस धरूनच असला पाहिजे, एरवीं तो थकणारच.

किगेझीचे रांजण

युगांडाच्या नैर्ऋत्येस काबाले गांवाभोंवतीं किगेझी नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. उतारांवर ताली बांधून शेती होते. लोक डोंगरावर राहतात व झरे दरींत असतात. भरलेलें भांडें घेऊन तो चढ चढणें हें बायकामुलांचें रोजचें काम. येथें युगांडाच्या अँग्लिकन चर्चच्या किगेझी धर्मप्रांतानें १९८० नंतरच्या दशकापासून पाण्याचें व आरोग्याचें काम चालविलें असून, इंग्लंडांतील टिअरफंड ह्या ख्रिस्ती संस्थेचें त्यास साहाय्य झालें आहे.

ह्या कामांत मोठीं यंत्रें नाहींत. झऱ्याच्या डोळ्यापर्यंत मागें खणून तेथें दगड भरावयाचे, वरून चिकणमाती दाबावयाची, पुढें भिंत घालून तींतून नळ काढावयाचा, आणि वरच्या अंगास चर खणून पावसाचा लोंढा बाजूस वळवावयाचा. गुरें आंत येऊं नयेत म्हणून कुंपण घालावयाचें. जेथें झरा उंचावर सांपडेल तेथून नळानें उताराचें पाणी खालच्या वस्त्यांस आणावयाचें. आणि जेथें दोन्ही शक्य नाहीं, तेथें घराच्या पत्र्यांवरील पाणी पन्हळीनें सिमेंटाच्या रांजणांत किंवा टाक्यांत धरावयाचें. हीं टाकीं गट करून आळीपाळीनें एकमेकांच्या घरीं बांधतात. रांजणास वायसर नाहीं, सळई नाहीं. झांकण नीट ठेवणें व पहिल्या पावसाचें धूळमिश्रित पाणी वगळणें एवढीच त्याची निगा. जेथें पाऊस पुरता पडतो तेथें ही योजना हापशाहून सुटसुटीत होय.

येथें धर्मसंस्थेचा खरा उपयोगही दिसतो. बाहेरची संस्था काम संपलें कीं जाते. गांवचें चर्च जात नाहीं. दर रविवारीं लोक एकत्र येतात, तेथें विहिरीचाही विचार होऊं शकतो.

धर्म आणि पाणी

हें पाणी देणें म्हणजे धर्मांतराचें आमिष नव्हे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, आणि तो विचारणें रास्त आहे. सर्व मंडळ्या सारख्या नाहींत. कांहीं संस्था प्रार्थना व पाणी ह्यांची उघड सांगड घालतात. उलटपक्षीं, रेडक्रॉस व अन्य मोठ्या संस्थांनीं सन १९९४ मध्यें संकटनिवारणाच्या कामासाठीं जी आचारसंहिता ठरविली, तींत मदत धर्म व वंश न पाहतां, केवळ गरज पाहून द्यावी, आणि तिचा उपयोग धर्ममताच्या प्रसारासाठीं करूं नये, असें मान्य केलें आहे. ती ठरविणाऱ्यांत कॅथॉलिकांची कारितास, लूथरन महासंघ व चर्चांची जागतिक परिषद ह्याही होत्या. आमच्या मतें कसोटी साधी आहे: त्या विहिरीवर मुसलमान, ख्रिस्ती व जुन्या कुलदेवतांस भजणारा, तिघांचीं भांडीं एकाच रांगेंत लागतात कीं नाहीं, तें पाहावें. आपल्या देशांतील पाणवठ्यांचा इतिहास आठवला म्हणजे ही कसोटी दुसऱ्यास लावण्याआधीं आपणांसही लावून पाहावी लागते.

आपणांस घेण्याजोगें

आपल्याकडे नव्या बांधकामापेक्षां जीर्णोद्धाराचें पुण्य अधिक, असें वडीलमाणसें म्हणत आलीं आहेत. आफ्रिकेंतील ह्या साऱ्या उद्योगाचें सार तेंच आहे. श्रद्धा विहीर खणते. ती वाहती ठेवण्यास वही लागते.

सबब संघाच्या सभासदांस आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवीं हापशाची एक वही घालावी. तिच्या डाव्या पानावर घरवार पट्टी, मिळालेली रक्कम व तारीख. उजव्या पानावर बिघाड कोणत्या दिवशीं झाला, दुरुस्त कोणत्या दिवशीं झाला, कोणता भाग बदलला व खर्च किती, असे रकाने असावे. दोन वायसर व पाने गांवांतच ठेवावे. सुगीनंतर पट्टी घ्यावी, आणि वही वर्षांतून दोनदां देवळापुढें मोठ्यानें वाचून दाखवावी. ओट्याची चीर व तुंबलेली चर ह्यांचीही नोंद त्यांतच करावी.

आम्हीं दोन वर्षें उतरून काढलेल्या त्या पत्रकास जर अशा वहीचा आधार असता, तर "हापसा, एक" ह्या शब्दांपुढें "बंद" हा तिसरा शब्द आम्हांस लिहावाच लागला असता, व तो वाचून कोणीतरी वायसर पाठविला असता. त्या गांवच्या बायकांचे दोन उन्हाळे आतां परत येणार नाहींत. पुढील उन्हाळा तरी कोणत्याही गांवीं तसा जाऊं नये, एवढीच इच्छा धरून हा लेख पुरा करितों.